चौदा नंबरची बाटली

आमच्या बुऱ्हाणपुरातल्या त्या हायस्कुलात विज्ञान फार उत्तम शिकवलं जायचं, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला कृतघ्न म्हणायला नको. मी स्वतः तिथलाच विद्यार्थी. १९४९ सालचा मॅट्रिक, विज्ञानात पहिला वर्ग. नागपूरहून बीएस्सी होऊन आलो तेव्हा त्याच शाळेने मला विज्ञानाचा मास्तर म्हणून ठेवून घेतलं. आपला माल आपल्याच दुकानात परत आला याचं संस्थेला कौतुक वाटलं होतं.

उत्तम शिकवणं म्हणजे प्रयोगवही. ती निळ्या कव्हराची, रेघारेघांची, समास आखलेली हवी. आमचे ज्येष्ठ विज्ञान-शिक्षक वामनराव सर आधी निरीक्षण सांगायचे, मग अनुमान सांगायचे, आणि वेळ उरला तर प्रयोग. वेळ सहसा उरत नसे. लंबकाचा प्रयोग केला की गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊशे एक्क्याऐंशी आलं पाहिजे. एकदा आमच्या वर्गातल्या एकाचं नऊशे चाळीस आलं. वामनरावांनी त्याला उभं केलं आणि म्हणाले, "पृथ्वी चुकत नसते, तू चुकला आहेस. वेळेच्या रकान्यात दुरुस्ती कर." त्याने केली. पृथ्वी सुधारली. पुढे त्याला वहीचे दहापैकी दहा मिळाले आणि सुंदर अक्षराबद्दल शाबासकी वेगळी. ज्यांचं अक्षर बरं नव्हतं त्यांच्या वह्या घरी बहिणी लिहून देत. बुऱ्हाणपुरातल्या कितीतरी मुलींनी प्रयोगशाळेचं तोंड न बघता उत्तम निरीक्षणं नोंदवलेली आहेत.

आणि हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं तो माणूस इंग्रजी चौथीसुद्धा शिकलेला नव्हता. त्याचं नाव उखर्डू. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, म्हणून हे नाव. शाळेत सगळे त्याला उखर्डूभाऊ म्हणायचे. १९३१ साली तो प्रयोगशाळेत लागला. हुद्दा काय, ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. पगारपत्रकात 'लॅब हमाल' लिहिलेलं असायचं. उंच, काटक, अंगात बंडी, उजव्या हाताच्या दोन बोटांवर तेजाबाने जळाल्याचे डाग. खोलीची किल्ली करगोट्याला बांधलेली. शाळेत इतक्या खोल्या होत्या, पण रोज झाडलेली आणि पुसलेली एवढी एकच.

लहानपणी तो रंगाऱ्यांच्या गल्लीत कामाला होता. आमचं गाव विणकऱ्यांचं. सूत रंगवायला तुरटी, हिराकस, मोरचूद, नवसागर अशी पोती तिथे पडलेली असत. रंगारी त्याला पुडी द्यायचा आणि विचारायचा, यात भेसळ आहे का? उखर्डू जिभेच्या टोकावर कण ठेवायचा, थुंकायचा आणि सांगायचा. चुकला तर थप्पड. आमच्या अभ्यासक्रमात ही पद्धत नव्हती, त्यामुळे त्याला सगळं येत होतं. इंग्रजी अक्षरंही तो बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून शिकला. झिंक, कॉपर, फेरस हे शब्द त्याला वाचता यायचे. 'कॅट' दाखवलं तर तो गप्प बसे.

मॅट्रिकच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाला एक क्षार मिळायचा. कागदावर चिमूटभर पूड. ती कशाची आहे ते परीक्षा करून ओळखायचं. मुलांनी वर्षभर ओळखलेलं असायचं ते फक्त वामनरावांचा मूड. तेव्हा उखर्डूभाऊ कामाला यायचा. पाण्याचा घडा घेऊन टेबलांमधून फिरायचा आणि मुलांवर खेकसायचा. "बाह्या वर कर ना रे!" म्हणजे नवसागर. "पानी सांडू नको!" म्हणजे तुरटी. "टोपी काढ आधी!" म्हणजे हिराकस. "खिडकी लाव रे, वारा येऊ र्‍हायला!" म्हणजे जस्ताचं सल्फेट. मोरचुदाला, म्हणजे तांब्याच्या सल्फेटला, शिवी नव्हती, तो निळा असतो, ज्याला तेही दिसत नाही त्याने नापासच व्हावं असं त्याचं मत होतं. बाहेरून आलेले परीक्षक या शिपायाच्या शिस्तीवर खूश असायचे. त्यांच्यासमोर मावा जिलबीची बशी असायची, जाताना टांग्यात केळीचा घड असायचा, आणि निकाल शंभर टक्के लागायचा. मुलगा सायन्सचा मॅट्रिक झाला की नेपानगरच्या कागद कारखान्यात चिकटेल, या आशेवर आईबाप होते. त्यांना विज्ञान नको होतं, निकाल हवा होता.

आता चौदा नंबरच्या बाटलीबद्दल सांगतो.

१९४४ साली लढाईमुळे मुंबईहून रसायनं येणं बंद झालं होतं, आणि नेमकी तेव्हाच शाळेची तपासणी लागली. चौदा नंबरची बाटली, झिंक सल्फेटची, तळापर्यंत रिकामी होती. त्या वेळच्या हेडमास्तरांनी उखर्डूला चौकातल्या दवाखान्यात पिटाळलं: दिसायला पांढरं, खडीदार, असं काहीही आण. कंपाउंडरने एप्समचं मीठ दिलं. म्हणजे मॅग्नेशियमचं सल्फेट, म्हणजे साध्या भाषेत जुलाबाचं मीठ. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. बाटली भरली, तपासणी झाली, रजिस्टरात 'झिंक सल्फेट: पूर्ण' अशी नोंद झाली. आणि रजिस्टरात पूर्ण असलेली वस्तू नव्याने मागवता येत नाही. त्यामुळे बाटली संपत आली की उखर्डू दवाखान्यातून पुन्हा तेच मीठ आणून भरायचा, आणि वर्षामागून वर्षं आमची पोरं जुलाबाच्या मिठात जस्त शोधून काढायची.

बाटलीत खरं काय आहे याचा पुरावा शाळेत नव्हता असं नाही. आमच्या संस्कृतच्या पंडितजींना पोटाचा त्रास होता. आठवड्यातून एकदा ते मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन खोकायचे, उखर्डू चौदा नंबरची बाटली काढून त्यांना चमचाभर द्यायचा, आणि पंडितजींचे शेवटचे दोन तास वर्गाला मोकळे मिळायचे. बाटलीत खरंच जस्त असतं तर पंडितजींना ओकाऱ्या झाल्या असत्या. आमच्या शाळेत नियमितपणे केलेला आणि दर वेळी सारखाच निष्कर्ष देणारा हा एकमेव प्रयोग. तो वहीत कोणी लिहिला नाही.

१९४९ साली माझ्या वाट्याला चौदा नंबरच आला. मला विज्ञान खरोखर आवडायचं, हा माझा दोष. पुस्तकात लिहिलं होतं की जस्ताच्या द्रावणात कॉस्टिक सोडा टाकला तर पांढरा साका पडतो, म्हणजे तळाशी पिठूळ गाळ बसतो. आणि सोडा आणखी टाकला की तो साका विरघळून जातो. मॅग्नेशियमचा साका मात्र काही केल्या विरघळत नाही. मी सोडा टाकला. साका पडला. आणखी टाकला, हलवला, परत टाकला. साका आपला जागच्या जागी. मी पहिल्यांदाच काहीतरी स्वतः पाहिलं होतं. मी 'मॅग्ने' इतकं लिहिलंही होतं. तेवढ्यात माझ्यामागे घडा आदळला. "खिडकी लाव रे पोट्ट्या, वारा येऊ र्‍हायला!" मी मागे पाहिलं. उखर्डूभाऊच्या डोळ्यांत विनवणी होती. मी 'मॅग्ने' खोडलं, जस्त लिहिलं, आणि साका कसा सुंदर विरघळला याचं चार ओळींचं वर्णन केलं. पैकीच्या पैकी गुण पडले. आजही ते प्रमाणपत्र माझ्या पेटीत आहे.

मास्तर होऊन परत आलो तेव्हा अंगात नागपूरचं वारं होतं. मी वामनरावांना म्हटलं, "सर, चौदा नंबर रद्द करू आणि खरं झिंक मागवू." वामनरावांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे म्हणाले, "भरलेली बाटली रद्द करायची तर ती भरलेली का नव्हती ते लिहावं लागेल. म्हणजे चव्वेचाळीस सालची तपासणी उघडेल. मग त्या बाटलीवर पास झालेल्या प्रत्येकाचं प्रमाणपत्र उघडेल. त्यात एक कोणीतरी नंदकुमार आहे म्हणतात." नंदकुमार म्हणजे मीच. मी पुन्हा तो विषय काढला नाही. इतकं विज्ञान मला येत होतं.

मग आलं १९५६. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून आमच्या राज्याचं नाव तेच राहिलं आणि राज्य बदललं. विदर्भ मुंबई राज्यात गेला, उत्तरेचे तीन प्रांत इकडे आले, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आम्ही मराठी माणसं तापीच्या काठी होतो तिथेच बसून राहिलो आणि हिंदी पत्रं वाचायला शिकलो. चार ठिकाणची माणसं एका राज्यात गोळा झाल्यावर कोणाचा हुद्दा कोणाच्या बरोबरीचा, हा मोठाच राष्ट्रीय प्रश्न उभा राहिला. कोणाकडे लॅब हमाल, कोणाकडे लॅब बॉय, कोणाकडे नुसताच फर्राश, म्हणजे झाडूवाला. यासाठी समित्या बसल्या, याद्या झाल्या, आणि १९५७ च्या जूनमध्ये आमच्याकडे पत्रक आलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची चाचणी होईल. त्यात एक क्षार ओळखायचा आणि तो कसा ओळखला हे तीन रकान्यांत लिहायचं. उत्तीर्ण झाला तो 'प्रयोगशाळा परिचर'. नापास झाला तो 'भृत्य', म्हणजे घंटा वाजवणारा, पाणी भरणारा, चिठ्ठ्या पोचवणारा. भृत्याने प्रयोगशाळेच्या सामानाला हात लावू नये, असंही खाली ठळक लिहिलं होतं.

मी ते पत्रक उखर्डूभाऊला वाचून दाखवलं. त्याला घंटेचं वाईट वाटलं नाही. पाण्याचंही नाही. शेवटची ओळ त्याने मला दोनदा वाचायला लावली.

"मतलब, मी आत जायचं नाही?"

"नापास झालात तर."

"आन् बाटल्या कोन पुशीन?"

याचं उत्तर पत्रकात नव्हतं.

शाळेतून आणखी एक उमेदवार होता, शालिग्राम. वर्षापूर्वी लागलेला पोरगा, मॅट्रिक, संस्थेच्या सेक्रेटरींच्या नात्यातला. तो तेव्हा घंटा वाजवायचा आणि तीही उशिरा. प्रयोगशाळेत तो एकदाच आला होता, बर्नरवर चहा करायला. उखर्डूभाऊने त्याला हाकलून दिलं होतं. चाचणीला दोघांचीही नावं गेली, कारण समानता हवी.

मी उखर्डूभाऊला शिकवायला बसलो. सव्वीस वर्षं ज्याने शेकडो पोरं पास करवली त्याला पास होणं शिकवायचं! शाळा सुटल्यावर तासभर आम्ही दोघं टेबलाशी बसायचो. त्याला प्रयोग कसा करायचा ते सांगावं लागत नव्हतं, लिहायचं कसं ते मात्र येत नव्हतं. मी तीन रकाने आखून दिले: प्रयोग, निरीक्षण, अनुमान. पहिल्या दिवशी नवसागर दिला. त्याने लिहिलं: 'प्रयोग: वास घेतला. निरीक्षण: नवसागर. अनुमान: नवसागर.'

"असं चालत नाही, उखर्डूभाऊ. आधी काय दिसलं ते लिहायचं, मग त्यावरून काय वाटलं ते."

"पन मले तं दिसल्याबरूबर मालूम पडते. मधी थांबू कोठे?"

हळूहळू तो मध्ये थांबायला शिकला. त्याची बायको मालूबाई डबा घेऊन यायची आणि दारात उभी राहून ऐकायची. एक दिवस ती मला म्हणाली, "मास्तर, यायले पास करजा. घरात हा मानूस सुट्टीच्या दिसी बी बसत नाही. मिठाच्या बरन्या पुसत बसतो. याले त्या खोलीतून काढलं, तं हा कोठे जाईन?" मी म्हटलं, काही काळजी करू नका, वहिनी. मला खात्री होती. फक्त चौदा नंबर निघू नये एवढीच धाकधूक होती, आणि निघालाच तर काय लिहायचं हे काय उखर्डूभाऊला सांगायला हवं होतं? त्यानेच तर सगळ्या गावाला शिकवलं होतं. तरी मी एकदा बोलून घेतलं. "चौदा आला तर जस्त लिहा." तो बाटली पुसत राहिला. मी तो होकार धरला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षक आले. बाहेरगावचे, हिंदी बोलणारे, पांढऱ्या कोटातले, वेळेवर. त्यांच्यासमोर जिलबीची बशी ठेवली तर ते म्हणाले, "इसे हटाइए. परीक्षा में यह सब नहीं." केळीचा घड त्यांनी टांग्यातून उतरवून परत दिला. प्रामाणिक परीक्षक आमच्या शाळेने पहिल्यांदाच पाहिला, आणि घात झाला तो त्याच्याच हातून. त्यांनी वामनरावांनी मांडून ठेवलेले क्षार नाकारले, कपाट उघडायला लावलं, मान दुसरीकडे वळवून हात आत घातला आणि दोन बाटल्या बाहेर काढल्या. एक मोरचुदाची. दुसरी चौदा नंबर.

निळी पूड शालिग्रामच्या पुढ्यात पडली. पांढरी उखर्डूभाऊच्या.

मी अंतर्गत परीक्षक म्हणून बाजूच्या खुर्चीवर होतो. वामनराव माझ्या शेजारी, चष्मा पुसत. उखर्डूभाऊने धुतलेली बंडी घातली होती. त्याने पुडीकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्याला कळलंय. तरी त्याने घाई केली नाही. पूड पाण्यात विरघळवली. बेरियम क्लोराइड टाकलं, पांढरं झालं, त्याने रकान्यात लिहिलं. मी शिकवलं होतं तसं, आधी काय दिसलं, मग काय वाटलं. मग दुसऱ्या नळीत कॉस्टिक सोडा, थेंब थेंब. साका पडला. आणखी सोडा. नळी हलवली. आणखी. त्याची ती जळकी बोटं इतकी हळुवार चालत होती की मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. त्याने नळी उजेडाकडे धरली. साका तसाच होता.

मग तो लिहायला वाकला, आणि त्याच्या पेन्सिलीचं पहिलं अक्षर मी पाहिलं. 'म'.

माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "अहो, खिडकी लावा ना, वारा येतोय."

परीक्षकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. उखर्डूभाऊने पेन्सिल खाली ठेवली. वळून खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला पुरतं समजलं होतं.

"बंदच हाये, मास्तर," तो म्हणाला. आणि त्याने शब्द पुरा केला.

परीक्षकांनी कागद उचलला. बाटलीचं नाव टिपलेल्या डायरीत बघितलं, कागदात बघितलं. "यह जस्ता है," ते म्हणाले. "तुमने मैग्नीशियम लिखा है."

"साहेब, जस्त असतं तं इरघळलं असतं. पाहा ना." त्याने नळी त्यांच्यापुढे धरली. त्याच्या हातात पुरावा होता, ताजा, पांढराशुभ्र, बोटभर उंचीचा.

परीक्षकांनी नळीकडे नजर टाकली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलेलो नाही. विज्ञानाचं मूल्यमापन याहून थोडक्यात कोणी सांगितलेलं माझ्या ऐकण्यात नाही. "किताब में साफ लिखा है कि जस्ते का अवक्षेप घुल जाता है. तुम्हारा नहीं घुला. इसका मतलब तुम्हारी विधि गलत है."

उखर्डूभाऊ गोंधळला. त्याला वाटलं, हिंदी आपल्याला नीट समजली नाही. तो म्हणाला, "साहेब, मंग पुन्यांदा करतो. तुमी सोता टाका सोडा."

मला वाटतं, त्या एका क्षणी परीक्षक थोडे चाचरले. माणूस प्रामाणिक होता. त्यांनी नळी हातात घेतली, बाटलीवरची चिठ्ठी पाहिली, रजिस्टर पाहिलं. आणि मग ते माझ्याकडे वळले. "मास्टर साहब, आप बताइए. आपके यहाँ लड़कों का तो घुलता है न?"

टेबलावर प्रयोगवह्यांचा गठ्ठा होता. तेरा वर्षांतल्या वह्यांत साका विरघळला होता, सुंदर अक्षरात. मी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. दोन मिनिटांत त्यांनी स्वतः करून पाहिलं असतं. वामनराव चष्मा पुसायचे थांबले होते.

"जी," मी म्हटलं. "घुलता है."

उखर्डूभाऊने नळी टेबलावरच्या लाकडी चौकटीत परत ठेवली. हात फडक्याला पुसले. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, इतकंच मला तेव्हा बरं वाटलं.

शालिग्रामने निळी पूड पाहून 'तांबे' लिहिलं होतं. निरीक्षणाच्या रकान्यात 'निळे आहे'. परीक्षकांनी त्याला 'निरीक्षण अच्छा' असा शेरा दिला.

निकाल ऑगस्टमध्ये आला. शालिग्राम: उत्तीर्ण, परिचर. उखर्डू: क्षार-परीक्षण शून्य, पदार्थ ओळखण्यास असमर्थ, भृत्य पदावर समकक्ष. खाली अंतर्गत परीक्षकाची सही होती. ती माझी होती, सुंदर अक्षरात. वामनरावांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, शाळेचं नाव राखलंस. हेडमास्तरांनी त्या वर्षी वार्षिक अहवालात विज्ञान विभागाचा खास उल्लेख केला. मला पुढच्या वर्षी वेतनवाढ मिळाली, आणि मी ती घेतली.

उखर्डूभाऊने करगोट्याची किल्ली सोडून शालिग्रामच्या हातात दिली. कोणत्या बाटलीचं बूच सैल आहे, कोणत्या तेजाबाला उघड्यावर ठेवायचं नाही, हे सगळं त्याला समजावून सांगितलं. शालिग्राम जांभया देत ऐकत होता. पंधरा दिवसांत त्या खोलीत धूळ बसली. पंडितजी एकदा दाराशी येऊन खोकले. शालिग्रामला खोकल्याचा अर्थ कळला नाही, त्याने त्यांना खडीसाखर दिली.

मी आठ-दहा दिवस घंटेकडे जायचं टाळलं. घंटा मात्र चुकवता येत नव्हती. ती वेळच्या वेळी वाजायची, मिनिटाचाही फरक नाही. शेवटी एकदा मधल्या सुट्टीत गेलो. तो पायरीवर बसून पाण्याच्या घागरी मोजत होता. मला पाहून उठला. मी काहीबाही बोलत राहिलो. पुन्हा अर्ज करू म्हटलं, वरती ओळख काढू म्हटलं. तो ऐकून घेत होता. मग माझ्यातला चोर ओरडला, तसा मी रागाने म्हणालो, "तुम्ही जस्त का लिहिलं नाही, उखर्डूभाऊ? इतक्या पोरांना सांगितलंत! मला सांगितलंत! एकदा स्वतःसाठी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्याने एक कलती घागर सरळ केली. "पोरायचं येगळं," तो म्हणाला. "पोरायले कोनी इचारत नव्हतं का बाटलीत काय हाये. त्यायले इचारत होते, रजिस्टरात काय हाये. म्हून मी रजिस्टरातलं सांगे. मी तं त्या खोलीत सव्वीस वर्सं झाडलं, पुसलं, भरलं. वामनराव सरांनी नाही, हेडमास्तरांनी नाही, तुमी बी नाही, कोनी मले एक डाव इचारलं नाही का उखर्डू, हे काय हाये? त्या दिसी साहेबानं माह्या म्होरं पुडी ठेवली आन् इचारलं. आन् मी खोटं सांगू?"

मी म्हणालो, "मी तेव्हा बोलायला हवं होतं."

त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याने माझ्या खांद्यावरची खडूची पूड झटकली, पूर्वी मी शाळकरी पोर असताना झटकायचा तशी.

"मनाले लावून घेऊ नका, मास्तर," तो म्हणाला. "मी नापास होऊन मोकळा झालो. तुमाले अजून पास व्हत राहा लागते."